पाचक विकरांचे मोजमाप : प्रस्तावना

पाचक विकरे तराजूत घालून तोलता येत नाहीत. त्यांनी पार पाडलेले काम तेवढे मोजता येते, आणि प्रस्तुत पुस्तकाचा सारा प्रपंच या एका अडचणीपोटी मांडला आहे. लाळेच्या थेंबात अमायलेज किती आहे असे कोणी विचारले, तर त्याचे वजन सांगून भागत नाही. कारण एक तर ते इतर अनेक प्रथिनांत मिसळलेले असते, दुसरे असे की त्याचे प्रमाण अत्यल्प असते, आणि तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण हे की, उष्णतेने अथवा आम्लाने ज्याची घडण मोडली आहे असे निकामी विकरदेखील वजनाला कार्यक्षम विकराइतकेच भरते. सबब संशोधकाला प्रश्नाचा रोखच बदलावा लागतो. विकर किती आहे हे न विचारता, ठरावीक मुदतीत, ठरावीक तापमानाला, ठरावीक सामू असलेल्या द्रावणात, पुरेशा अन्नद्रव्यावर त्याने किती रूपांतर घडवून आणले, असे त्याला विचारावे लागते. आणि या प्रश्नाला जे उत्तर मिळते त्यालाच विकराची क्रियाशीलता अशी संज्ञा आहे. ही क्रियाशीलता अटींसह नोंदलेली कृती होय. अटींचा तपशील गाळून नुसता आकडा पुढे केला, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. एवढे सूत्र वाचकाने मनाशी पक्के धरले, म्हणजे पुढील प्रकरणांत सांगितलेल्या कृतींतील पायरी न् पायरी कशासाठी आहे याचा उलगडा त्याला होत जाईल.

या दृष्टीपर्यंत येऊन पोहोचायला युरोपातील शास्त्रज्ञांना दीड शतकाहून अधिक काळ लागला. जठरात अन्न दळले जाते की विरघळते, असा अठराव्या शतकातला वाद होता. फ्रान्समधील रेओमूर यांनी १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, न पचलेले जिन्नस ओकून टाकण्याची सवय असलेल्या एका शिकारी पक्ष्याला दोन्ही तोंडे जाळीने झाकलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. नळीतल्या मांसावर जठराच्या स्नायूंचा दाब पडणे शक्य नव्हते, तरी बाहेर आलेल्या नळीतील मांस झिजलेले आढळले. तेव्हा हे काम दाबाचे नव्हे, रसाचे आहे, असा निर्णय झाला. त्यानंतर इटलीतील स्पालांझानी यांनी जठररस व मांस काचेच्या नळ्यांत भरून त्या नळ्या ऊब मिळावी म्हणून स्वतःच्या काखेत बाळगल्या, आणि पचन शरीराबाहेरही घडते हे सिद्ध केले. मात्र पचन घडते की नाही, एवढाच या दोघांचा प्रश्न होता. ते किती व किती वेगाने घडते, हा प्रश्न अद्याप उपस्थित व्हायचा होता.

तो प्रश्न एका अपघाताने पुढे आणला. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जखम भरून आल्यावरही त्याच्या जठरात उघडणारे एक छिद्र कायम राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने ओढून पाहिले, जठररस बाहेर काढून तो कुप्यांत भरला आणि शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात त्या कुप्या ठेवून तेच पदार्थ बाहेर किती वेळात विरघळतात हेही पाहिले. १८३३ साली त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या २३८ प्रयोगांच्या अखेरीस जो तक्ता निघाला, त्यात शिजवलेल्या भाताला एक तास आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाला सव्वापाच तास अशा नोंदी आढळतात. आजच्या वाचकाला तो तक्ता भाबडा वाटण्याचा संभव आहे, कारण रसाचे सामर्थ्य, घासाचा आकार, अन्नाचा प्रकार आणि त्या माणसाची मनःस्थिती ही सर्व कारणे त्यातील तासांत एकवटलेली आहेत. तथापि राग आला असता पचन मंदावते अशा नोंदी बोमाँट यांनी स्वतःच करून ठेवल्या होत्या, आणि निष्कर्षाबरोबर परिस्थितीही लिहून ठेवावी हा धडा त्यांच्या दफ्तरातून पुढच्या पिढीला मिळाला.

रसायनशास्त्रज्ञांनी हे कोडे दुसऱ्या बाजूने सोडवायला घेतले. १८३३ सालीच पायें व पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून पिष्टाचे शर्करेत रूपांतर करणारे द्रव्य वेगळे काढले, १८३६ साली थिओडोर श्वान यांनी जठररसातील प्रथिनभंजक द्रव्याला पेप्सिन हे नाव दिले, आणि स्वादुपिंडाच्या रसातील ट्रिप्सिनाचा परिचय पुढे विल्हेल्म क्यूने यांनी करून दिला. द्रव्ये ओळखीची झाली. पण त्यांच्या सामर्थ्याचे माप लागले ते पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत. तेथे मेट यांनी १८८९ साली योजलेली युक्ती अत्यंत साधी होती. बारीक काचनळ्यांत अंड्याचा पांढरा बलक भरून तो उष्णतेने घट्ट करायचा, नळीचे तुकडे पाडून जठररसात ठेवायचे, आणि नेमून दिलेले तास उलटल्यावर दोन्ही टोकांकडून किती मिलिमीटर बलक विरघळला हे मोजपट्टीने पाहायचे. परंतु येथेच मापनशास्त्रातील एक मर्मभेदी गोष्ट उघडकीला आली. विरघळलेली लांबी दुप्पट भरली, तर पेप्सिन दुप्पट असते असे नव्हे, ते सुमारे चौपट असते. कारण ही लांबी विकराच्या प्रमाणाच्या वर्गमुळानुसार वाढते, आणि शुट्झ यांनी हा नियम त्याआधीच दुसऱ्या मार्गाने दाखवून दिला होता. दिसणारी खूण आणि शोधायची राशी यांच्यातील नाते सरळ असेलच असे गृहीत धरून चालत नाही. ते नाते प्रथम तपासावे, मग आकडा मांडावा, हा दंडक तेव्हापासून घालून दिला गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी या मोजमापाला दोन भक्कम आधार मिळाले. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली आम्लता दर्शविण्याची सामूची श्रेणी मांडली आणि विकरांचे काम सामूवर किती नाजूकपणे अवलंबून असते ते दाखविले. त्याच्या आधारावर बर्लिनमधील एका रुग्णालयाच्या लहानशा प्रयोगशाळेत मिकाएलिस आणि मॉड मेंटन यांनी १९१३ साली साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकराचा वेग मोजला, आणि तो मोजताना सामू बफरने बांधून ठेवून फक्त आरंभीचा वेग हिशेबात घेतला. आरंभीच्या वेगाचा हा आग्रह का, हे समजल्यावाचून या पुस्तकातील निम्म्या सूचना अनाकलनीय राहतील. विकर ज्या पदार्थावर काम करते, ज्याला आम्ही सर्वत्र कार्यद्रव्य म्हटले आहे, तो पदार्थ काम सुरू होताच कमी होऊ लागतो, तयार झालेला माल विकराला अडथळा करू लागतो, आणि ट्रिप्सिनासारखे विकर तर या अवधीत स्वतःलाच पचवू लागते. परिणामी वेळेबरोबर चढत जाणारी रेषा लवकरच वाकते. या वाकलेल्या भागातून काढलेला वेग विकराचा नसतो, तो त्या नळीतील एकूण गोंधळाचा असतो. म्हणून कार्यद्रव्याचा अल्पसा अंश, साधारणपणे दहाव्या हिश्शाहून कमी, खर्ची पडला असेल तोवरच नोंद घ्यावी, आणि एकाच क्षणाच्या नोंदीवर विसंबून न राहता निरनिराळ्या मुदतींचे नमुने काढून रेषा खरोखर सरळ आहे याची रुजुवात करून घ्यावी.

प्रत्येक विकराची कार्यद्रव्ये निराळी, आणि प्रत्येक कार्यद्रव्याच्या खोडीही निराळ्या. पिष्टाचे मापन सर्वांत जुने व सर्वांत सुलभ. लाळ मिसळलेल्या पिष्टद्रावणाचा एकेक थेंब पांढऱ्या चिनी मातीच्या तबकडीवरील आयोडिनात सोडीत गेले, तर पहिला थेंब गडद निळा होतो, पुढचे जांभळे व मग तांबूस होत जातात, आणि अखेरीस आयोडिनाचा मूळ पिवळा रंग तसाच राहतो. तेवढ्याला लागलेला वेळ हेच माप. व्होल्गेमुट यांनी १९०८ साली याच तत्त्वावर उभारलेली पद्धत स्वादुपिंडाच्या विकारांच्या निदानासाठी वैद्यांच्या हाती पुष्कळ वर्षे होती. परंतु निळा रंग जाणे म्हणजे पिष्टाची लांब साखळी तुटणे. किती बंध तुटले हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी मोकळ्या झालेल्या शर्करेला डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लासह उकळून येणारा नारिंगी-तपकिरी रंग ५४० नॅनोमीटरला मोजतात. बर्नफेल्ड यांनी १९५५ साली या मार्गाची जी कृती लिहून ठेवली, तिचे तापमान २० अंश होते आणि नमुना एकाच मुदतीचा होता. माणसाच्या तोंडात व आतड्यात ३७ अंश असतात हे ध्यानात घेऊन अलीकडच्या सुधारणांचा रोख त्याच तापमानाला व अनेक मुदतींवर मोजण्याकडे आहे. लाळेतील अमायलेजाला क्लोराइड लागते, ही बाबही विसरून चालत नाही. बफरात मीठ घालायचे राहिले, तर उत्तम लाळही निस्तेज ठरते.

स्निग्ध पदार्थांची गोष्ट याहून बिकट. तेल पाण्यात विरघळत नाही, आणि लायपेज हे तेल व पाणी यांच्या सीमेवरच काम करते. तेव्हा नळीत तेल किती घातले याला फारसा अर्थ नसून त्याचे किती बारीक थेंब केले, म्हणजेच सीमेचे क्षेत्रफळ किती झाले, याला अर्थ आहे. दोन प्रयोगशाळांनी तेच तेल व तेच विकर घेऊनही निराळे घोटणयंत्र वापरले, एवढ्यावर त्यांचे आकडे फुटून निघतात. शिवाय पित्तलवण एकटे असले तर ते स्वादुपिंडाच्या लायपेजाला त्या सीमेवरून हुसकावून लावते; कोलायपेज हे सहायक प्रथिन सोबत असेल तरच त्याला तेथे थारा मिळतो. मोकळ्या झालेल्या मेदाम्लांमुळे द्रावण आम्ल होऊ लागते, आणि सामू ढळू नये म्हणून थेंबाथेंबाने अल्कली सोडीत राहणारे यंत्र जेवढी अल्कली खर्च करते, तेवढे काम लायपेजाने केले असा हिशेब येथे मांडला जातो.

प्रथिनांच्या मापनाचे उदाहरण थोडे विस्ताराने देणे उचित होईल, कारण त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोमवर संशोधन करून १९३९ साली डॉक्टरेट मिळविलेल्या कमला सोहोनी यांनी पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आपल्या नित्याच्या कडधान्यांतील ट्रिप्सिन-निरोधकांचा अभ्यास केला. आणि वालातील व डबलबीनमधील असे निरोधक स्फटिकरूपात मिळविल्याचे त्यांचे व सहकाऱ्याचे टिपण १९५५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोकणातल्या घराघरांत भिजवून, मोड आणून व सोलून ज्यांच्या डाळिंब्यांची उसळ होते, त्याच वालात प्रथिन पचविणाऱ्या विकराला अडवून धरणारे प्रथिन दडलेले असावे, ही गोष्ट आहारशास्त्राच्या दृष्टीने जेवढी महत्त्वाची, तेवढीच मापनाच्या दृष्टीनेही बोधप्रद आहे. कारण येथे विकराने केलेले काम मोजून न झालेल्या कामाचा अंदाज घ्यावा लागतो.

कृती अशी. वालाचे पीठ बफरात कालवून, गाळून अर्क काढतात. ठरावीक प्रमाणातील ट्रिप्सिन काही नळ्यांत एकटे आणि काही नळ्यांत चढत्या प्रमाणातील अर्कासह घेऊन दोघांची गाठ पडण्यास थोडा अवसर देतात, मग सामू ७.६ च्या बफरात शेकडा एक प्रमाणात विरघळविलेले केसीन घालून नळ्या कोमट पाण्यात ठेवतात. वीस मिनिटे झाली की ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल ओततात. त्यासरशी विकराचे काम थांबते, न पचलेले केसीन पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते, आणि पचून लहान झालेले तुकडे तेवढे वरच्या निवळीत राहतात. त्या तुकड्यांत टायरोसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले असल्याने निवळी २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते, आणि हे शोषण वर्णपटमापकात वाचता येते. कुनिट्झ यांनी १९४७ साली सोयाबीनमधील निरोधकाच्या निमित्ताने रूढ केलेली ही पद्धत आजही प्रचारात आहे. तिच्यात एक नळी अशी असते की जीत आम्ल आधी व विकर मागून घालतात. या कोऱ्या नळीत पचन मुळीच झालेले नसते, तरीही शोषणाचा काटा शून्यावर नसतो. कारण विकर, अर्क व केसीन यांचे स्वतःचे काही ना काही शोषण असतेच. ते वजा केल्यावाचून उरलेला आकडा मोजणीतच धरू नये. आणखी एक सावधगिरी अशी की, अर्क वाढवीत गेल्यावर अडवणूक त्या प्रमाणात वाढत नाही. सुमारे निम्मे काम थांबले असेल, तेथील नळ्यांवरूनच निरोधकाचे प्रमाण काढणे सुरक्षित असते. वाल भिजवल्याने, मोड आणल्याने अथवा शिजवल्याने निरोधकात किती फरक पडतो, हा प्रश्न कोणाही विद्यार्थ्याला याच नळ्यांच्या साहाय्याने आपल्या घरच्या वालावर सोडविता येईल.

येथवर विकर हाती आले आहे असे धरून चाललो. ते हाती येईपर्यंतचा मार्गही निर्धोक नाही. आतड्याचा तुकडा बर्फावर न ठेवता घोटला, तर प्रथिनभंजक विकरे शेजारच्या विकरांचा फडशा पाडतात, आणि मग अमायलेज वा लॅक्टेज कमी आढळले ते प्राण्यातच कमी होते की घोटताना कमी झाले, हे सांगणे अशक्य होते. ताजे स्वादुपिंड घोटून ट्रिप्सिन शोधणाऱ्याला जवळजवळ काहीच सापडत नाही, कारण तेथे ते ट्रिप्सिनोजेन या निद्रिस्त रूपात असते आणि लहान आतड्यातील एंटेरोकायनेजचा स्पर्श झाल्यावर जागे होते. प्राणी बदलला की अटीही बदलतात. हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचे आतडे तीव्र अल्कलधर्मी असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या अळीची प्रथिनभंजक विकरे व त्यांना अडविणारे वनस्पतीज निरोधक यांचा जो अभ्यास झाला आहे, त्याच्या मुळाशी हेच ज्ञान आहे. माणसाच्या ट्रिप्सिनाला मानवणारा ८ चा सामू देऊन अळीच्या विकराची परीक्षा घेणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

आता राहिला एककांचा प्रश्न, आणि सर्वाधिक तंटे येथेच होतात. दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्याकडे शेर व पायली यांची मापे गावोगाव बदलत असत, आणि परगावच्या बाजारातला शेर कोणत्या मापाचा हे विचारल्यावाचून शहाणा माणूस भाव ठरवीत नसे. विकरांच्या बाबतीत १९६१ पर्यंत नेमकी हीच अवस्था होती. त्या साली आंतरराष्ट्रीय आयोगाने ठराव केला की, नेमून दिलेल्या अटींवर एका मिनिटात एक मायक्रोमोल कार्यद्रव्याचे रूपांतर घडवील तेवढे विकर म्हणजे एक एकक. पुढे सेकंदाला एक मोल या हिशेबाने कॅटल हे एकक आले आणि १९९९ साली त्याला आंतरराष्ट्रीय पद्धतीत अधिकृत स्थान मिळाले. परंतु एक कॅटल म्हणजे ६ कोटी जुनी एकके होत असल्याने प्रयोगशाळांच्या नित्य व्यवहारात जुनेच एकक टिकून आहे. तरीही सर्व तंटे मिटले असे नाही. अ‍ॅन्सन यांच्या हिमोग्लोबिन-पद्धतीवर आधारलेले पेप्सिनाचे एकक शोषणातील वाढीवर बेतलेले आहे, तर ट्रिप्सिनाचे एकक कृत्रिम एस्टरच्या मायक्रोमोलांवर. दोन्ही कागदावर एकाच नावाने लिहिली जातात, आणि त्यांची बेरीज वा तुलना करणारा नवशिका फसतो. स्वादुपिंडाच्या विकारात देतात त्या कॅप्सुलांच्या वेष्टनावर लायपेजाची १०,००० वा २५,००० एकके छापलेली असतात, तीदेखील औषधसंहितेने नेमलेल्या पद्धतीची असतात. अन्य पद्धतीने मोजले तर हाच आकडा उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हा विस्कळीतपणा केवळ कारकुनी स्वरूपाचा नाही. अन्नाचे पचन नळीत करून पाहणाऱ्या प्रयोगशाळा जगभर वाढल्या, तशी प्रत्येकीने आपापली विकरे, आपापला सामू व आपापली मुदत वापरल्याने एकीच्या निष्कर्षाला दुसरीकडे दुजोरा मिळेनासा झाला. म्हणून अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन २०१४ साली इन्फोजेस्ट या नावाने एक सर्वसंमत कृती प्रसिद्ध केली आणि २०१९ साली ती सुधारून घेतली. तीत तोंडाच्या टप्प्याला २ मिनिटे व सामू ७, जठराच्या टप्प्याला २ तास व सामू ३, लहान आतड्याच्या टप्प्याला २ तास व सामू ७ अशी विभागणी आहे. जठराच्या टप्प्यात दर मिलिलिटरला पेप्सिनाची २००० एकके आणि आतड्याच्या टप्प्यात ट्रिप्सिनाची १०० एकके घालावीत असे तीत सांगितले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कृतीत विकरांची मात्रा वजनाने न सांगता क्रियाशीलतेने सांगितली आहे. बाटलीवरच्या छापील आकड्यावर न विसंबता प्रत्येकाने आपली विकरे आधी स्वतः मोजून घ्यावीत, अशी तिची अट आहे. म्हणजे जे मोजमाप एरवी संशोधनाच्या अखेरीस येते, ते येथे संशोधनाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले.

पुढील प्रकरणांची रचना पुढील क्रमाने केली आहे. आरंभी बफर, सामू व तापमान यांची सिद्धता. मग पिष्ट, प्रथिन व स्निग्ध पदार्थ यांवरील विकरे अनुक्रमे. त्यानंतर निरोधक, ऊतींचे अर्क व निद्रिस्त विकरे. आणि शेवटी एकके व हिशेब. प्रत्येक कृतीच्या मथळ्याखाली कार्यद्रव्य, तापमान, सामू व मुदत या चार अटी ठळकपणे छापल्या आहेत, आणि वाचकाने आपल्या वहीतही उत्तराच्या आधी या चार नोंदी कराव्यात अशी शिफारस आहे. प्रयोगशाळेची संपूर्ण सामग्री हाताशी नसलेल्या विद्यार्थ्याने लाळ, पातळ खळ, आयोडिन व सेकंदकाट्याचे घड्याळ एवढ्यावर प्रारंभ करावा. तोच प्रयोग गार पाण्यात व कोमट पाण्यात पुन्हा करून पाहावा, लाळ उकळून पुन्हा पाहावा, आणि तिन्ही वेळा उत्तर निराळे आले म्हणजे त्यांतील खरे कोणते असा प्रश्न न करता, कोणते उत्तर कोणत्या अटीचे, असा प्रश्न करावयास शिकावे. या विषयातील पुढचे सर्व कौशल्य त्या एका सवयीवर अवलंबून आहे.